दीडशे तास आणि एक कावळा

कावळा आपणच बनवलेला असेल, तर तो शिवत नाही याची तक्रार कुणाकडे करायची, हा प्रश्न ओजस खराडेला वडिलांच्या दहाव्याला, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी पडला. तोवर त्याचं डोकं भादरून झालं होतं. कमरेला पंचा होता, बोटात दर्भाची अंगठी होती आणि समोर केळीच्या पानावर भाताचा पिंड होता. पिंडापासून सहा फुटांवर, घाटाच्या कठड्यावर, वायस-३ बसला होता. काळा, चकचकीत, मान थोडी तिरकी. मान किती तिरकी असावी यावर ओजसने एके काळी तीन बैठका घेतल्या होत्या. सतरा अंश ठरलं होतं.

"बघतोय बघ कसा," बापूकाका म्हणाले. बापूकाका म्हणजे ओजसच्या वडिलांचे, अण्णांचे धाकटे भाऊ; अण्णांना 'मुरली' म्हणणारे ते एकटेच. "डिट्टो मुरलीची नजर."

नजर डिट्टो असण्याचं कारण ओजसला माहीत होतं, आणि ते दहाव्याला सांगण्यासारखं नव्हतं.

वाळुंजवाडीच्या घाटावर खरा कावळा शेवटचा दिसला त्याला आठ वर्षं झाली होती. तो कुठे गेला यावर दोन समित्या बसल्या आणि उठल्या. कावळे गेले तरी माणसं मरायची काही थांबली नाहीत. दहाव्याची मंडळी दुपारपर्यंत आभाळाकडे बघत बसायची, मग गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचे आणि सगळे परीक्षेत कॉपी केल्यासारखं तोंड करून घरी जायचे. तेव्हा ओजसच्या कंपनीने यांत्रिक कावळा काढला. वायस-१ मंत्र संपले की चार मिनिटांत हमखास शिवायचा. लोकांना तो मुळीच पसंत पडला नाही. "याला काय एसटी गाठायचीय?" असं एका विधुराने लेखी विचारलं होतं. वायस-२ मग मनाला येईल तेवढा वेळ थांबायचा. त्याने एका घराकडून सोळा वचनं घेतली, त्यात एक घटस्फोट मागे घेण्याचं होतं. ते पाळलं गेलं आणि त्या जोडप्याने कंपनीवर खटला भरला.

मग ओजसला कल्पना सुचली. मानसशास्त्र शिकून आवाजाच्या तंत्रज्ञानात शिरलेला माणूस. त्याला अशाच कल्पना सुचायच्या.

तो बैठकीत म्हणाला होता, "माणसं कावळ्यासमोर हात जोडून काय करतात? गेलेल्याची कुठली इच्छा राहिली ते ओळखायचा प्रयत्न करतात. पण गेलेल्याचं मन त्याच्याबरोबर जळालं. उरलंय ते यांचं. जे यांना आतून टोचतंय तेच हे बोलून दाखवतात. कावळ्याने मेलेल्याचं नाही, जिवंत माणसाचं अबोध मन ऐकायचं."

तत्त्व तसं सोपं होतं. आपल्याला ज्याची भीती किंवा शरम वाटते ते मन तळाशी दडपतं, आणि ते वर येऊ नये म्हणून झाकणावर बसून राहतं. बसण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. घडलेलं घडलंच नाही म्हणायचं, हा नकार. आपलं पाप दुसऱ्याच्या अंगावर बघायचं, हे प्रक्षेपण. दुःख एका गोष्टीचं आणि बोलायचं भलत्याच गोष्टीबद्दल, हे विस्थापन. शिवाय गोंडस कारणं देणं आहे, जड शब्दांत लपणं आहे. यातलं काहीच माणूस ठरवून करत नाही. म्हणून तर त्याला अबोध म्हणायचं. पण झाकण दाबून धरायला जोर लागतो, आणि तो जोर आवाजात उतरतो. शब्दाआधी श्वास केसभर अडतो, आवाजातला बारीक कंप बसतो, बोटांना घाम येतो. माणसाच्या कानाला हे कळत नाही. यंत्राला कळतं. वायस-३ चे कान दर्भाच्या अंगठीत होते. जो माणूस विधी करतो त्याचं बोलणं आणि घाम अंगठीतून कावळ्याकडे जायचा. मन झाकण धरून बसलं की कावळा मागे सरकायचा. झाकण निघालं की शिवायचा.

घाटावरच्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. ते आपले अजूनही मेलेल्याच्याच इच्छा ओळखत होते, आणि कंपनीनेही त्यांना दुरुस्त केलं नव्हतं.

"मुरली!" बापूकाकांनी हात जोडले. "तुझी लुना भंगारात देणार नाही! ओजू, तू बोल. कर्ता तू आहेस."

"अण्णा, तुमची लुना भंगारात देणार नाही," ओजस म्हणाला.

कावळ्याने पंख झटकले आणि तो होता तिथेच राहिला.

"टायरमधल्या तुळशी. टायरमधल्या तुळशींचं बोल."

अण्णा एकतीस वर्षं एसटीच्या आगारात टायर विभागात होते. घरी तुळस, कोथिंबीर, कोरफड, सगळं टायरमध्ये. ओजसने तुळशींना रोज पाणी घालायचं वचन दिलं. तो पुण्याला राहायचा आणि तुळशी वाळुंजवाडीला होत्या. कावळा एक पाऊल मागे गेला.

"आयला," बापूकाका म्हणाले. "हिशोबी आहे."

कठड्याच्या टोकाला खुर्ची टाकून सपकाळबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, गळ्यात ओळखपत्र, त्यावर हुद्दा: कावळा सहायक. त्या हळूच येऊन ओजसच्या मागे वाकल्या.

"सर, ट्रेनिंगच्या व्हिडिओत तुम्हीच ना? त्यात केस होते म्हणून लवकर ओळखलं नाही." मग आणखी हळू: "दाबू का?"

त्यांच्या कमरेला एक बटण होतं. ते दाबलं की कावळा काही न ऐकता शिवायचा. चाळीस मिनिटं उलटली तरच दाबायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही, हे कलम अकरा. ते ओजसनेच लिहिलं होतं.

"नको," तो म्हणाला. आपला कावळा आपल्याला शिवेल, एवढा विश्वास त्याला अजून होता. दुसऱ्या कुणी असा विश्वास दाखवला असता तर त्याने त्याला नकार म्हटलं असतं.

तेवढ्यात आगारातले दोन जुने लोक आले आणि बापूकाकांना श्रोते मिळाले.

"हा ओजू. मुरलीचा मुलगा. कंपनीत मोठा साहेब, पण दर रविवारी अकराला फोन! पाऊण पाऊण तास! आणि प्रश्न काय विचारायचा, ऐकत राहावं. 'अण्णा, लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची? अण्णा, त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?' आमची पोरं विचारतात, वायफायचा पासवर्ड काय."

"नशीब लागतं," आगारातला एक जण म्हणाला आणि त्याने ओजसच्या उघड्या खांद्यावर हात ठेवला. हात चांगला ऊबदार होता. ओजसला तो काढून नदीत टाकावासा वाटला.

कारण प्रश्न प्रश्नावलीतले होते.

वायस-३ ला शिकवायला बोलणं हवं होतं. तरुणांचं हवं तेवढं मिळत होतं, पण तरुण फार काही दडपत नव्हते. दडपायच्या आत ते सगळं जगाला सांगून मोकळे होत होते. कंपनीला हवा होता एक जुना माणूस, आयुष्यभर गिळत आलेला, आणि त्याच्या मोकळ्या गप्पांचे दीडशे तास. प्रत्येक वाक्याला शिक्का मारायचा: नकार, प्रक्षेपण, विस्थापन. ओजस म्हणाला होता, "माझ्याकडे आहे एक." अण्णांकडून संमतीपत्रावर सही घेतली. "वाचत बसत नाही हे. सही कुठं करू तेवढं सांग," अण्णा म्हणाले. पाऊण तासाचा एक, असे दोनशे रविवार. अण्णांचा नमुना क्रमांक होता सात.

दीडशे तास भरले त्या रविवारनंतर ओजसने फोन केला नाही. या गोष्टीला सव्वा वर्ष झालं होतं.

साडेनऊला वचनांचा साठा आटत आला. बापूकाका आता वचनं सुचवत सुचवत घराच्या गळक्या पत्र्यांपर्यंत खाली आले होते. ओजसची मोठी बहीण रेवाताई इतका वेळ पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती गावातच राहायची. अण्णांचं शेवटचं सगळं तिनेच केलं होतं. ती उठून आली.

"ओजू, रविवारचं बोल."

"रविवारचं काय?"

"अण्णा रविवारी दाढी करायचे," ती म्हणाली. "फोनसाठी. मी म्हणायची, अण्णा, फोनवर दिसत नाही. तर म्हणायचे, पण मला कळतं ना. तुझे फोन थांबले तरी करायचे. दर रविवारी दाढी करून अकरापर्यंत बसायचे, मग वर्तमानपत्र घ्यायचे. मी म्हटलं, ओजूला विचारू का काय झालं? तर म्हणाले, काम असेल त्याला. मला काही वाटत नाही."

मला काही वाटत नाही. हे वाक्य दीडशे तासांत चारशे अकरा वेळा आलं होतं. चारशे अकरा वेळा ओजसने त्यावर शिक्का मारला होता: नकार.

"सपकाळबाई," तो मान न वळवता पुटपुटला. "दाबा."

"अजून सव्वीस मिनिटं आहेत, सर," सपकाळबाई पुटपुटल्या. "कलम अकरा. तुम्हीच व्हिडिओत बोट दाखवून सांगितलंय."

"मी सांगतोय ना आता."

"व्हिडिओत असंही सांगितलंय की नातेवाइकांच्या दबावाला बळी पडू नये."

ओजसने कावळ्याकडे पाहिलं. कावळ्याने सतरा अंशांतून ओजसकडे पाहिलं. मग ओजसने हात जोडले आणि बोलायला सुरुवात केली.

"अण्णा, ते रविवारचे संवाद एका व्यापक संशोधन प्रकल्पाच्या नमुना संकलनाच्या टप्प्यात..."

कावळा मागे सरकला. जड शब्दांत लपणं. ओजसने मनातल्या मनात शिक्का मारलासुद्धा.

"काय बोलतोय हा?" आगारातल्या माणसाने विचारलं.

"साहेब आहे ना," बापूकाका म्हणाले.

"अण्णा, कंपनीने तारीख दिली होती. वरच्या लोकांना माणसाची किंमत नाही. सगळे स्वार्थी..."

दोन पावलं मागे. प्रक्षेपण.

मग ओजसला रडू आलं. खरंखुरं पाणी आलं डोळ्यांत, खांदे हलायला लागले, मागे कुणीतरी नाक ओढलं. रडता रडता त्याच्या मनात आलं, बरं दिसतंय. त्याच क्षणी कावळा टुणटुण उड्या मारत थेट कठड्याच्या दुसऱ्या टोकाला, सपकाळबाईंच्या खुर्चीपाशी जाऊन बसला.

"अरे, हा तर निघाला!" बापूकाका ओरडले. "मुरली, असं नको करूस बाबा! ताटं मांडलीत घरी!"

ओजसने डोळे पुसले. आता पळायला जागा नव्हती. कावळा कुठल्या युक्तीवर किती पावलं मागे जातो, हे त्यानेच ठरवलं होतं. युक्त्या संपल्या होत्या आणि कठडाही संपला होता.

"अण्णा," तो म्हणाला, "ते फोन तुमच्यासाठी नव्हते."

रेवाताईने मान वर केली.

"कावळ्याला शिकवायला तुमचा आवाज हवा होता. प्रश्न छापील होते. मी तुम्हाला 'त्याबद्दल काय वाटतं' विचारायचो ते यादीत प्रश्न क्रमांक बारा होता म्हणून. दीडशे तास भरले, मी फोन बंद केला."

घाटावर नदीचा आवाज येऊ लागला. तो सकाळपासून येतच असणार.

"एकदा मी आईच्या जाण्याबद्दल विचारलं. तुम्ही चाळीस मिनिटं रिमोल्ड टायरबद्दल बोललात. जुन्या टायरवर नवा थर कसा चढवतात, आत हवा राहिली तर तो कसा सुटतो. मी शिक्का मारला, विस्थापन, पाचपैकी पाच. इतका स्वच्छ नमुना कुणाला मिळाला नव्हता. मी तो टीमला ऐकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आई माझीपण गेली होती. ते मला तेव्हा सुचलंच नाही."

"ओजू," रेवाताई म्हणाली.

"शेवटच्या रविवारी तुम्ही विचारलंत, माझं झालं, तुला काय वाटतं रे? मी म्हणालो, हा प्रश्न यादीत नाही, अण्णा. तुम्ही हसलात. मग त्यानंतर तुम्हीच तीनदा फोन केलात. तिसऱ्या वेळी मी रिकामा होतो. एक माणूस कोपराने नारळ फोडतो, त्याचा व्हिडिओ बघत होतो. तुमचं नाव दिसलं. मी ते वाजू दिलं. सव्विसाव्या नारळाला ते वाजायचं थांबलं आणि मला बरं वाटलं."

पंखांचा फडफडाट झाला. कावळा कठड्यावरून उडाला, सगळ्यांच्या डोक्यांवरून सुबक वळण घेऊन पिंडाजवळ उतरला आणि त्याने चोच भातात घातली.

"शिवला!" बापूकाका किंचाळले. "शिवला रे शिवला!"

एकदम सगळी मंडळी हलायला लागली. चपला शोधल्या गेल्या, गुरुजींनी ताम्हण उचललं, कुणीतरी घरी फोन लावून वरणाला फोडणी द्यायला सांगितलं. कुणी ओजसकडे मात्र बघितलं नाही. मघाशी खांद्यावर हात ठेवणारा आगारातला माणूस त्याच्या बाजूने जाताना इतका लांबून गेला की त्याचा पाय पाण्यात पडला.

सपकाळबाई जवळ आल्या. त्यांचे डोळे लाल होते.

"सर, राग मानू नका," त्या कुजबुजल्या. "मी दाबलं."

"कधी?"

"नारळांचं सुरू झालं तेव्हा. ऐकवेना. कलम मोडलं, माझा रिपोर्ट करा पाहिजे तर."

ओजसने मान हलवली. म्हणजे कावळा बटणाने आला होता. आपलं बोलणं संपल्यावर तो आपणहून आला असता की नाही, हे कळायला आता काही मार्ग नव्हता. वाळुंजवाडीच्या निम्म्या लोकांसमोर त्याने स्वतःला सोलून ठेवलं होतं, आणि काम केलं होतं चार रुपयांच्या स्प्रिंगवरच्या एका बटणाने. खरं तर हसायला हवं होतं. पण हसण्यावारी नेणं हाही झाकणावर बसण्याचा एक प्रकार होता. त्यालाही शिक्का होता.

रेवाताई अजून तिथेच उभी होती.

"म्हणजे ते टायरचं सगळं तू लिहून घेत होतास," ती म्हणाली. "आणि अण्णा मला सांगायचे, ओजूला टायरमध्ये लहानपणापासून गोडी आहे."

कावळा पानाशेजारीच उभा होता, चोचीला एक शीत चिकटलेलं.

"ते रेकॉर्डिंग आहे तुझ्याकडे?"

"कंपनीकडे आहे. मिळवतो."

"सगळं पाहिजे मला. तुझे प्रश्न कापायचे नाहीत. तुझेपण राहू देत, तुला ऐकवायला उपयोगी पडतील." तिने पदराने चेहरा पुसला. ती ओरडेल, थोबाडीत मारेल, अशी ओजसने मनाची तयारी केली होती. दोन्ही गोष्टी त्याला आवडल्या असत्या. पण तिने फक्त विचारलं, "आणि तुला? तुला काय वाटतं?"

"मला काही वाट..."

दर्भाची अंगठी अजून त्याच्या बोटात होती. कावळ्याने भातातून मान वर काढली आणि एक पाऊल मागे टाकलं.

रेवाताईने कावळ्याकडे पाहिलं. मग ओजसच्या बोटाकडे. मग परत कावळ्याकडे. ती अण्णांची मुलगी होती. यंत्र समजायला तिला व्हिडिओची गरज पडत नसे.

"अच्छा," ती म्हणाली. "असं आहे होय. बोल आता."

"वाईट वाटतं," ओजस म्हणाला.

कावळा जागचा हलला नाही. मग विचार बदलल्यासारखा अर्धं पाऊल मागे गेला. अर्ध्या पावलाची सोय कंपनीने ठेवलेली नव्हती, अशी ओजसची समजूत होती.

"वाईट मलापण वाटतं. आगारातल्या लोकांनाही वाटतंय," रेवाताई म्हणाली. "तुला काय वाटतं?"

वर ऊन आलं होतं आणि भादरलेलं डोकं तापत होतं. त्याला वाटलं, अण्णा रविवारी आरशासमोर गाल फुगवून उभे आहेत, वस्तरा वरून खाली येतोय, अकराला पाच कमी आहेत.

"लाज वाटते," तो म्हणाला.

आवाज अगदी साधा आला, बिस्किटाचा पुडा मागितल्यासारखा. कावळा चालत पुढे आला. उड्या नाहीत, फडफडाट नाही. पानापाशी थांबला, सतरा अंशांची मान सरळ केली आणि पिंडाला हलकेच चोच लावली.

सपकाळबाईंनी दोन्ही हात वर करून दाखवले. बटण खुर्चीवर पडलं होतं.

"अरे, परत शिवला!" पायऱ्या चढून गेलेले बापूकाका वरून ओरडले. "दोनदा! गुरुजी, हे शुभ की अशुभ?"

"दोनदाचं शास्त्रात काही नाही," गुरुजी म्हणाले. "पाणी सोडा आणि चला. पुढचे लोक आलेत."

पुढचे लोक खरंच आले होते. एका म्हातारीचा दहावा होता; तिचे तीन मुलगे, तिघांचीही डोकी भादरलेली, कठड्याकडे बघत उभे होते. एक जण दुसऱ्याला सांगत होता की आईचा जीव शिलाई मशीनमध्ये अडकला असणार.

रेवाताईने ओजसचा हात धरून बोटातली अंगठी ओढून काढली. थोडी जोरात काढली, बोट सोललं. मग ती पुढे निघाली आणि तीन पायऱ्या चढून थांबली, तो येतोय का बघायला.

सपकाळबाई वही उघडून आल्या. "सर, आजच्या नोंदीत काय लिहू? एकदा शिवला की दोनदा?"

"एकदाच," ओजस म्हणाला.

"पहिला?"

"दुसरा."